लाभ मोजणीत नसतो

१५ मार्च १९९५, बुधवार
पिंप्राळा, जळगाव

बायको गेल्यापासून रोजनिशी बंद होती. आज परत काढली, कारण आठ महिन्यांत पहिल्यांदा मला काम मिळालंय.

बाहेर जो तो नव्या सरकारबद्दल बोलतोय. आमच्या घरात मात्र कोंबड्यांचा विषय. जावई पंडितराव यांची धुळे रस्त्याला हॅचरी आहे. अंडी एकवीस दिवस यंत्रात ठेवायची, पिल्लं निघाली की त्याच दिवशी पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरून रवाना करायची, असा तो धंदा. निम्म्याहून जास्त पिल्लं गुवाहाटीला जातात. जळगाव ते औरंगाबाद जीपनं आणि पुढे विमानानं, मध्ये एकदा विमान बदलून. कॉलेजात बरोबर शिकलेला त्यांचा एक मित्र आसामात असतो, तो ती घेतो. कोंबडीनं विमानात बसावं आणि मी जन्मात बसू नये, हा विनोद मी पहिल्याच आठवड्यात करून टाकला होता. कोणी हसलं नव्हतं.

आता दिल्लीत कोणा खासदारांनी विधेयक मांडलंय. सात दिवसांच्या आतलं पिल्लू विमानात चढवायचं नाही. पंडितरावांनी कात्रण माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, "मामा, हे पास झालं तर हॅचरीला कुलूप. रेल्वेनं तीन दिवस लागतात. पोटातल्या बलकावर पिल्लू तेवढंच जगतं. आणि आठवड्याचं करून पाठवायचं तर वाटेत दाणापाणी कोण देणार?"

विधेयक तपासणाऱ्या समितीनं लोकांकडून निवेदनं मागवलीत. मराठी चालेल, तर्जुमा आम्ही करू, असं म्हटलंय. पंडितराव म्हणाले, "तुम्ही लिहा. तुमच्यासारखं मराठी जिल्ह्यात कोणाचं नाही."

खरं आहे ते. चौतीस वर्षं धुळ्यात मराठी शिकवलं. लेकीच्या घरी बापानं किती दिवस राहावं याचं उत्तर कुठल्या व्याकरणात नाही, पण उपयोगी पडणाऱ्या माणसाला तो प्रश्न कोणी विचारत नाही. मनापासून आनंद झाला.

विधेयकाचं नाव पेपरात 'जिवंत कुक्कुटपक्ष्यांच्या हवाई वाहतुकीवर निर्बंध घालणे विधेयक' असं छापलंय. 'घालणे' आणि 'विधेयक' यांच्यामध्ये 'बाबतचे' हवं. कायदा करणाऱ्यांना एवढंही कळू नये.

२० मार्च, सोमवार

हॅचरी बघून आलो. न बघता मी लिहीत नाही.

पिल्लं भरण्याचं काम सात बाया करतात. सगळ्यांत जुनी सुंदरबाई. तिचं काम बघण्यासारखं आहे. खोक्यात चार कप्पे, एका कप्प्यात पंचवीस, म्हणजे खोक्यात शंभर. तिचे हात चालतात आणि तोंडानं मोजणी. पहिलं पिल्लू सोडताना ती म्हणते, "लाभ." मग "एक, दोन, तीन," असं पंचवीसपर्यंत. पुढच्या कप्प्यात परत "लाभ" आणि परत एकपासून.

मी बोटांवर मोजलं. कप्प्यात सव्वीस, खोक्यात एकशे चार.

मी विचारलं, "बाई, हे लाभाचं पिल्लू मोजायचं नाही का?"

ती म्हणाली, "लाभ कोनी मोजस का, गुरुजी?"

आमच्या लहानपणी खळ्यावर ज्वारी मोजताना पहिल्या मापाला 'लाभ' म्हणत. एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. तो शब्द इथे पिवळ्या पिल्लांवर जिवंत बघून मला इतकं बरं वाटलं की मी तिला तिच्या शाळेचं विचारलं. ती शाळेत गेलेलीच नाही. साक्रीकडची आहे, पिंपळनेरजवळची.

"मग हा लाभ पिल्लं विकत घेणाऱ्यांचा?" मी विचारलं.

"नही. तो वाटना शे. वाट लेस तो."

लाभ वाटेचा असतो, वाट तो घेते. न शिकलेल्या बाईच्या तोंडी असं वाक्य येतं आणि आमची पदवीधर मुलं निबंधात 'आई ही आई असते' लिहितात.

२६ मार्च, रविवार

संध्याकाळी सुगनचंदशेठबरोबर फिरायला. यांची डाळ मिल आहे, गल्लीत आमच्यासमोरच राहतात. जळगावात आल्यावर मला पहिला नमस्कार त्यांनी केला, तेव्हापासून रोजचं फिरणं ठरलेलं.

आज कळलं की शेठही निवेदन पाठवताहेत. विधेयकाच्या बाजूनं. त्यांच्या जीवदया मंडळानं ठराव केलाय. त्यांनी खिशातून कागद काढला आणि थोडे ओशाळून म्हणाले, "गुरुजी, वाईट वाटून घेऊ नका. पण जरा भाषा बघाल का?"

मी वाईट का वाटून घेऊ? कागदात एकोणीस चुका होत्या. 'मुका प्राण्यांचे हाल होतात' असं लिहिलेलं. मी 'मुक्या' केलं. एका वाक्यात कर्ताच नव्हता, तो घातला. आता त्यांचं म्हणणं ठसठशीत झालं. लेकीला, लताला, हे सांगितलं तर तिनं पोळी तव्यावर जरा जास्तच दाबली.

"नाना, ते आपल्याविरुद्ध आहेत ना?"

मी म्हटलं, "विरुद्ध असलं म्हणून अशुद्ध असावं असं कुठे आहे?"

४ एप्रिल, मंगळवार

पंडितरावांशी थोडी बोलाचाली. त्यांचं म्हणणं, निवेदनात 'वाटेत मरणारी पिल्ले शून्य' असं ठोकून द्यावं. मी नाही म्हटलं. मी गुवाहाटीला गेलेलो नाही, बघितलेलं नाही. मग त्यांनी सहा वर्षांच्या पोचपावत्या पुढे टाकल्या. मी तीन दिवस बसून एकूण एक चाळल्या. प्रत्येक पावतीवर तेच, दर खोक्याला शंभर मिळाली. एकही तक्रार नाही.

म्हणून मी असं वाक्य केलं: 'गेल्या सहा वर्षांत एकाही खोक्यात शंभराहून कमी जिवंत पिल्ले पोहोचल्याची नोंद नाही.' यात एक शब्द मागे-पुढे करता येणार नाही. पंडितरावांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, "हे चांगलं आहे, मामा. माझ्यापेक्षा चांगलं आहे."

त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी दिसलं. उष्म्यामुळे असेल. लाईट गेलेली होती.

१३ एप्रिल, गुरुवार
महावीर जयंती

शेठांनी घरी बोलावलं. शेठाणी कुसुमलताबाईंनी कैरीचं पन्हं दिलं. मी माझं निवेदन शेठांना वाचून दाखवलं. त्यांचं मी तपासलं, तर माझं त्यांनी ऐकायला हवंच.

शेवटच्या परिच्छेदावर मी खूश आहे. तिथे मी लाभाबद्दल लिहिलंय. कायद्याच्या कागदाला थोडा माणसाचा वास यावा म्हणून. वाक्य असं: 'आमच्या खानदेशात माप नेहमी झुकते देतात, त्या रीतीस अनुसरून प्रत्येक खोक्यात शंभर पिल्लांवर चार पिल्ले आम्ही लाभ म्हणून घालतो व ती मोजणीत धरीत नाही.'

शेठांनी ते वाक्य मला पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, "आमच्या पेढीवर पण पहिल्या मापाला लाभ म्हणतात, गुरुजी. पण तो एक म्हणून धरतात. लाभ, मग दोन."

"इथे धरत नाहीत. तेच तर औदार्य."

"पंडितरावांनी वाचलं का हे?"

"त्यांच्या दोन यंत्रांत पिल्लं निघायला आलीत, त्यांना फुरसत कुठे?"

शेठांनी पेला खाली ठेवला. "मी सांगू का, गुरुजी? हे वाक्य काढा. बाकी सगळं राहू द्या."

मला हसू आलं. निवेदनातलं सगळ्यांत चांगलं वाक्य, आणि ते विरुद्ध बाजूच्या माणसानं काढायला सांगावं! मी म्हटलं, "शेठ, व्यापारी आहात खरे." ते हसले नाहीत. नेहमी हसतात. वाटलं, आपण त्यांना टोचून बोललो की काय. उद्या बोलून टाकू.

१५ एप्रिल, शनिवार

निवेदन रजिस्टर पोस्टानं गेलं. शेवटची तारीख सोमवारची होती, पण मी कधी शेवटच्या तारखेवर काम टाकलेलं नाही.

टपालात टाकण्याआधी हॅचरीत जाऊन पंडितरावांना टंकलेली प्रत दिली. हात पिल्लांत होते. म्हणाले, "मामा, तुमच्या लिहिण्यात मी काय बघणार? सही कुठे करू?" सही केली.

बायांना मी निवेदन वाचून दाखवलं. त्यांच्या कामाबद्दलच होतं, त्यांना कळायला हवं. सगळ्या ऐकत होत्या. लाभाचं वाक्य आलं तेव्हा सुंदरबाईचे हात थांबले.

"गुरुजी, तुमना कागद बठ्ठा चांगला शे. पन लाभ लिखू नका."

"का बाई? तुझाच शब्द आहे."

"तो बोलाना शे. लिखाना नही शे."

बोलायचा शब्द, लिहायचा नव्हे. प्रमाण भाषेची भीती या लोकांच्या मनात किती खोल बसली आहे! मी तिला समजावलं की तिचा शब्द दिल्लीला जाणार, यात लाज वाटण्यासारखं काही नाही. तिनं हात पदराला पुसले. मग पुन्हा "लाभ" म्हणून पुढचा कप्पा भरायला लागली.

३० एप्रिल, रविवार

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, दोन दिवसांवर. गल्लीत झोके बांधलेत, पोरी गाणी म्हणताहेत. आखाजीला लेकी माहेरी येतात. इथे माहेरच लेकीकडे राहायला आलंय. लता हे हसत म्हणाली, पण म्हणाली. मी पण हसलो.

पत्र आलं. समितीची तीन माणसं औरंगाबादला येताहेत. सतरा मे. 'निवेदनाचे लेखक व हॅचरीचे मालक यांनी हजर राहावे.' इतक्या निवेदनांतून आमचं निवडलं. पंडितरावांनी पेढे आणले. रात्रीच्या जेवणाला लतानं मांडे केले, खापरावरचे. पंडितराव मला म्हणाले, "मामा, तुम्ही होता म्हणून." असं मला कोणी बऱ्याच वर्षांत म्हटलेलं नाही.

१० मे, बुधवार

पंचेचाळीस अंश. काही लिहिण्यासारखं नाही. जीप आता पहाटे तीनला निघते.

१८ मे, गुरुवार

काल औरंगाबादला जाऊन आलो. परतल्यावर लिहायला हात वळला नाही. आज सगळं क्रमानं लिहितो.

सरकारी विश्रामगृहाचा हॉल. समितीचे अध्यक्ष म्हातारे, मवाळ, मराठवाड्यातलेच असावेत, आमच्याशी मराठीतच बोलले. दुसरे एक बोललेच नाहीत. तिसऱ्या एक बाई, दक्षिणेकडच्या, हातात माझ्या निवेदनाचा इंग्रजी तर्जुमा.

आधी सगळं छान चाललं. अध्यक्षांनी भाषेची तारीफ केली. पंडितरावांनी यंत्रं, तापमान, तास, सगळं नीट सांगितलं. मग बाईंनी तर्जुम्यातलं एक वाक्य वाचलं आणि अध्यक्षांनी ते मराठीत आम्हाला सांगितलं. 'प्रत्येक खोक्यात आम्ही प्रॉफिटसाठी चार जादा पक्षी कोंबतो.'

मी उठलोच. म्हटलं, हा तर्जुमा साफ चुकीचा आहे. लाभ म्हणजे प्रॉफिट नव्हे. लाभ म्हणजे मोजणीत न धरलेलं पहिलं माप. 'कोंबतो' तर मी लिहिलेलंच नाही, 'घालतो' लिहिलंय. अध्यक्षांनी ते बाईंना सांगितलं. बाईंनी लिहून घेतलं. तर्जुमा सुधारला गेला. मला बरं वाटलं.

मग बाईंनी अध्यक्षांमार्फत विचारलं, "तर चार पक्ष्यांचे पैसे घेत नाही?"

"नाही."

"मग ते कोणासाठी?"

मी म्हटलं, "आमच्या पिल्लं भरणाऱ्या बाई म्हणतात, लाभ वाटेचा असतो. वाट तो घेते."

अध्यक्षांनी हे इंग्रजीत सांगायला तोंड उघडलं आणि मध्येच थांबले. मग सांगितलं. बाईंनी माझं निवेदन उलटं चाळलं, दुसऱ्या पानावर आल्या. तिथलं एक वाक्य अध्यक्षांनी मराठीतूनच वाचलं. 'गेल्या सहा वर्षांत एकाही खोक्यात शंभराहून कमी जिवंत पिल्ले पोहोचल्याची नोंद नाही.'

बाई म्हणाल्या, "एकशे चार निघतात. शंभर पोचतात. दर वेळी?"

मी पंडितरावांकडे बघितलं. ते टेबलाकडे बघत होते.

चौतीस वर्षं मी मुलांना सांगत आलो की दोन वाक्यं शेजारी ठेवून वाचा म्हणजे अर्थ लागतो. माझीच दोन वाक्यं मी शेजारी ठेवली नव्हती. एक दुसऱ्या पानावर होतं, एक पाचव्या. तिथे हॉलमध्ये ती शेजारी आली आणि मला ते कळलं.

अध्यक्ष चांगले माणूस. त्यांनी चष्मा काढला आणि मला म्हणाले, "गुरुजी, आपण भाषेचे माणूस. लिहिण्याच्या ओघात एखादं वाक्य अलंकार म्हणून जातं. हे लाभाचं वाक्य तसं असेल तर सांगा. आपण ते गाळू. कागदावरून जाईल."

पंडितराव लगेच म्हणाले, "हो साहेब, तसंच आहे. मामांनी सजवून लिहिलंय. मामा, सांगा ना."

सगळे माझ्याकडे बघत होते. फक्त 'हो' म्हणायचं होतं. जावई म्हणत होते, अध्यक्ष वाट करून देत होते. हॅचरी, सात बाया, लताचं घर, सगळं त्या एका शब्दावर होतं. हे मला त्या वेळी पूर्ण कळत होतं. कळत नव्हतं असं मी इथे लिहिणार नाही.

मी म्हटलं, "वाक्य बरोबर आहे."

हे मी खरेपणासाठी म्हटलं की माझं वाक्य चुकीचं ठरू नये म्हणून, ते मला आजही सांगता येत नाही. काल रात्रभर विचार केला.

परत येताना अजिंठ्याचा घाट उतरलो. फर्दापूरला चहाला थांबलो. पंडितरावांनी माझा चहा आणून दिला, साखर कमी, मला लागते तसा. मग म्हणाले, "मामा, चार मरतात हे मला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. सगळ्याच हॅचरीवाल्यांना असतं. कोणी लिहीत नाही एवढंच."

मी म्हटलं, "मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नव्हतं."

हे खरं आहे. मी सुंदरबाईला विचारलं, पावत्यांना विचारलं. त्यांना नाही विचारलं.

१९ मे, शुक्रवार

लता बोलत नाही. वाढते वेळेवर.

२३ मे, मंगळवार

सुगनचंदशेठ घरी आले. यापूर्वी ते दारातूनच हाक मारायचे, आज आत येऊन बसले. मला वाटलं, आता जिंकल्याचं दाखवणार. नाही दाखवलं.

"मी तेव्हा नीट सांगायला पाहिजे होतं, गुरुजी," ते म्हणाले. "मला तेव्हाच समजलं होतं. पण मी पडलो दुसऱ्या बाजूचा. जास्त सांगितलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं फोडतोय."

"तसंच वाटलं होतं."

"माहीत आहे."

मग त्यांनी डाळीच्या भावाचं काढलं. जाताना लताला म्हणाले, "बेटा, गुरुजींवर राग धरू नको." लता म्हणाली, "नाही काका, राग कसला." तिच्या आवाजात 'कसला' वर जोर होता. ती लहान असताना वाचनात असा चुकीच्या शब्दावर जोर द्यायची आणि मी तिला पुन्हा वाचायला लावायचो.

२ जून, शुक्रवार

विधेयकाचं काय होणार ते समितीलाही ठाऊक नसावं. कळतं ते असं की अशी विधेयकं वर्षानुवर्षं पडून राहतात आणि कोणी विचारत नाही. पण आमची साक्ष कानावर गेल्यापासून औरंगाबादला विमानाचा माल घेणाऱ्यांनी नवा कागद मागितलाय. खोक्यावर लिहिलेला आकडा आणि आतला आकडा एकच पाहिजे, आणि खोक्याला शंभरच चालतात. एखादं खोकं उघडून मोजणार.

आज पहिली नेमकी शंभराची खेप. आकड्यांच्या दाखल्यावर लिहिणारा म्हणून माझी सही लागते, पंडितरावांनी निरोप पाठवून बोलावलं. मी समोर उभा राहिलो आणि सुंदरबाईला म्हटलं, "बाई, आजपासून लाभ नाही. एकपासून सुरू करायचं."

तिनं पिल्लू उचललं. हातात धरून बसली. "लाभ म्हन्याबिगर मोजनं सुरू व्हत नही, गुरुजी."

"मग लाभ म्हण आणि तोच एक धर. लाभ, दोन, तीन."

"तो तर वाटना शे."

"वाटेला द्यायचं नाही आता."

"वाट मांगी लेस. तुम्ही देवो का नका देवो."

बाकीच्या बाया खाली बघत होत्या. तिनं पिल्लू कप्प्यात सोडलं, काही न बोलता. पुढची चोवीस पण न बोलता. प्रत्येक खोकं मी पुन्हा मोजलं. कुठेही चूक नव्हती. सह्या केल्या, चाळीस खोकी.

६ जून, मंगळवार

गुवाहाटीहून फोन आला. पंडितरावांचा मित्रच होता. एका खोक्यात शहाण्णव, एकात सत्त्याण्णव, दोनांत पुन्हा शहाण्णव, असं करत सगळं वाचून दाखवलं. चाळीसपैकी एकातही शंभर नव्हती. तो विचारत होता, जळगावात असं काय झालं, सहा वर्षं कधी कमी आली नाहीत. पंडितराव फोनवर म्हणाले, "काही झालं नाही रे. आधीही एवढीच मरत होती."

फोन ठेवून त्यांनी नवा छापील तक्ता माझ्यापुढे सरकवला. पाठवली, पोचली, मेलेली, असे तीन रकाने. "लिहा, मामा. तुमच्याशिवाय बरोबर कोण लिहिणार?"

हे ते रागानं म्हणाले नाहीत. रागानं म्हटलं असतं तर मला काही बोलता आलं असतं.

मी चाळीस ओळी लिहिल्या. मेलेली एकूण एकशे चव्वेचाळीस. माझं अक्षर या वयातही चांगलं आहे. सहा वर्षं, आठवड्याला दोन खेपा, दर खेपेला इतकी खोकी, दर खोक्यामागे तीन-चार. गुणाकार सोपा आहे. मी केला नाही. उन्हाळा होता म्हणून एकशे चव्वेचाळीस, एरवी कमी असतील, असं पंडितराव म्हणाले. असतील.

खोक्यात ऐंशीच भरली तर वाटेत मरत नाहीत, असंही ते म्हणाले. त्यांना हेही आधीपासून ठाऊक होतं. पण ऐंशीनं विमानाचं भाडं निघत नाही. मित्रानं पुढची मागणी थांबवलीय, पाऊस पडल्यावर बघू म्हणतो. जळगाव-धुळ्यापुरती पिल्लं काढायची तर एक यंत्र पुरे आणि तीन बाया पुरे.

सुंदरबाई तिघींत नाही. तिनंच सांगितलं म्हणे, माले नका ठेवू. मी तिला विचारायला गेलो तर ती पिंपळनेरच्या गाडीला निघून गेली होती.

१० जून, शनिवार

यंत्र विकायला गिऱ्हाईक आलं होतं, भुसावळकडचं. पंडितरावांनी मला बोलावलं नाही. कागद त्यांनी स्वतःच लिहिला, हिंदीत. मी खिडकीतून बघत होतो. 'मशीन' पुल्लिंगी केलं होतं.

दुपारी लता माझ्या खोलीत येऊन बसली. सतरा तारखेनंतर पहिल्यांदा. तिनं माझी खुंटीवरची दोन धोतरं काढून घडी घातली. मग म्हणाली, "नाना, एक वाक्य गाळलं असतं तर काय झालं असतं?"

मी म्हटलं, "हॅचरी राहिली असती."

"मग?"

पिल्लांचं सांगावं असं वाटलं, पण पिल्लांचा विचार त्या दिवशी हॉलमध्ये माझ्या मनात आला नव्हता. तो घरी आल्यावर आला. तिला खोटं सांगता येईना.

तिनं घड्या मांडीवर ठेवल्या आणि वेगळ्याच आवाजात विचारलं, "धुळ्याचं घर बंदच आहे ना? उघडून, झाडून राहण्यासारखं करायला किती दिवस लागतील?"

"दोन."

"मग सोमवारी निघा. म्हणजे बुधवारपर्यंत होईल. गुरुवारी शाळा सुरू होतात, त्या आधी गाड्यांना गर्दी नसते."

बरोबर होतं. मी वार मोजून बघितले. तिच्या बोलण्यात कुठेच चूक काढता येईना.

फार वाईट वाटलं. तिला म्हटलं, "हो, सोमवार चांगला." ती उठली आणि धोतरं माझ्या पिशवीत ठेवून गेली.